चार ओळी, पाच-पाच ठिपके

प्रिय टिल्लू,

हे तिसरं पत्र. आधीची दोन फाडली. परवा फोनही लावला होता, तर गुडघ्याचं आणि हवेचं बोलून ठेवून दिला. आता लॅबच्या मागच्या खोलीत बसलेय. मोठ्या कुकरात उद्याच्या प्लेटींसाठी जिवाणू वाढवायचं माध्यम शिजतंय; वाफ उतरेपर्यंत लिहून टाकते, नाहीतर हेही फाडीन.

इकडचं सगळं ठीक. नव्या मॅडम तुझ्याच वयाच्या, पण बाटल्यांवर तारीख घालत नाहीत. मी मागून घालते. तेव्हा सर तुम्हाला शिकवायचे आणि मी काचा पुसता पुसता शहाणी व्हायचे, माझं ते अजून चालूच आहे.

तुझं ते प्रॅक्टिकल आठवतं? त्या मठ्ठ जिवाणूंना जेलीफिशचं जनुक गिळायला लावायचं. गिळलं तरच ते जिवाणू मारायचं औषध घातलेल्या प्लेटवर जगायचे आणि जांभळ्या दिव्याखाली हिरवे चमकायचे. त्याच आठवड्यात दादाने, तुझ्या वडिलांनी, तुला दुकानात बसवायचं पक्कं केलं होतं. हे जमलं नाही तर मी मुकाट्याने घरी जाते, असं तू मला भांडी घासताना म्हणालीस. अर्धा तास तीच कढई घासत होतीस.

तू चमकती प्लेट घेऊन पळत आलीस, तो दिवस मी विसरणार नाही. दादानेही दुकानाचं नाव पुन्हा काढलं नाही. त्या प्लेटचा फोटो तू तुझ्या लॅबच्या भिंतीवर लावलायस, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतेस. मागच्या खेपेला आले तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते. तुला वाटलं, आत्याला पंखा लागतोय.

मग तुझं पत्र आलं. तुझ्या वर्गातल्या एका मुलीची प्लेट दोनदा कोरी निघाली आणि तू तिला म्हणालीस, "हा हात प्रयोगशाळेचा नाही." विषय सोडायचा तिचा अर्ज शुक्रवारी तुझ्या सहीला येणार. ते वाचल्यापासून माझं कशात चित्त नाही. काल दोन फ्लास्क फोडले.

टिल्लू, तुझ्या प्रॅक्टिकलच्या दिवशी तू बर्फातली जिवाणूंची नळी उचलून मुठीत धरलीस आणि शेजारणीशी वाद घालत बसलीस. तुझे हात लहानपणापासून तापलेले, आणि ते जिवाणू गार राहिले नाहीत तर जनुक घेतच नाहीत. मी बघत होते, पण सरांसमोर बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी प्लेट उघडली, तर आरशासारखी स्वच्छ. वर्ग बघायला येणार होता त्याच्या पुढच्या दिवशी. मी सरांच्या नमुन्याच्या चमकत्या प्लेटीला काडी लावली आणि तुझ्या प्लेटीवर टेकवत गेले. सही करायच्या आधी तो फोटो भिंतीवरून काढ आणि उजेडात धर. खरे ठिपके कसे येतात, मी तुला काय सांगू? वाटेल तिथे, सांडल्यासारखे. तुझ्या प्लेटीवर चार ओळी आहेत, ओळीत पाच-पाच. जन्मभर बाटल्या ओळीत लावणारा हात, त्याला विस्कटून टेकवता आलं नाही. तुझी प्लेट कोरी होती, अगदी त्या पोरीसारखी. पुढे जे जमलं ते तुझं तू जमवलंस, कारण तुला पुढचा आठवडा मिळाला. तिलाही मिळू दे. आणि तिची नळी कुठे असते, तेवढं एकदा जवळ उभी राहून बघ.

महिनाभर बोलली नाहीस तरी तुझीच,
आत्या