माझ्या हाताला झेपेल असं

२ मार्च

ट्रॅव्हिस सुटतोय! एक जूनला. तुरुंगाचं पत्र, चार ओळींचं. रोंडाने वाचलं, घडी घातली आणि पुन्हा भांडी घासायला लागली. एकच ताटली तीन वेळा घासली. माझी पोर! नवरा म्हणवणाऱ्या या माणसाने तिचा जबडा मोडला होता. कोर्टातून नेताना माझ्याकडे वळून म्हणाला — "सुटलो की येतोच, सासूबाई."

शेरीफच्या पोलिसांना इथे डोंगरात पोचायला चाळीस मिनिटं. तोवर मी काय त्याला कॉफी पाजू?

पिस्तूल घ्यायचं. परवाना काढायचा, अंगावर लपवून बाळगायचं. ठरलं.

५ मार्च

दुकानात गेले. मी तोंड उघडायच्या आत दुकानदाराने एक जांभळं, एवढंसं रिव्हॉल्व्हर पुढे केलं. "बायका हेच नेतात, मॅडम. फुलासारखं हलकं." दुकानामागच्या नेमबाजीच्या जागेत जाऊन एक बार काढला — आई गं! हाताची हाडं खुळखुळली. पिस्तूल जितकं हलकं तितका धक्का मोठा, हे मेल्याने सांगितलंच नाही.

तेहतीस वर्षं या घाटांतून शाळेची बस चालवली मी. मला जांभळं दाखवतो!

९ मार्च

थोरला भाऊ हार्लन आला. आपल्या जुन्या पंचेचाळीस बोअरच्या पिस्तुलाचं धूड टेबलावर आदळलं, बीन्सच्या पातेल्याशेजारी.

"हे घे. एक बार पुरे."

"आणि हे शर्टाखाली लपवू कसं रे?"

"दिवस गेलेत म्हणून सांग!"

त्रेसष्टाव्या वर्षी! रोंडा हसली. पत्र आल्यापासून पहिल्यांदा.

पण गोळी भरायला वरची स्लाइड मागे ओढावी लागते, ती ओढवेना. संधिवाताचे अंगठे! चार वेळा प्रयत्न केला. हार्लन हळूच म्हणाला, "जाऊ दे ओपल. कुत्रा पाळ."

न्हाणीघरात जाऊन रडले. नळ सोडून.

१६ मार्च

पिस्तूल चालवायला शिकवणाऱ्या विल्डाबाईंचा वर्ग. सत्तरीची बाई, माझ्या खांद्याएवढी, शेरीफच्या हाताखाली नोकरी करून निवृत्त झालेली. माझे अंगठे पाहिले आणि म्हणाल्या, "ओढताय कशाला? स्लाइड नुसती घट्ट धरा, आणि दुसऱ्या हाताने पिस्तूल पुढे ढकला. अंगाचा जोर लावा."

खटॅक! झालं! भर वर्गात ओरडले मी.

मग पाच रिकामी पिस्तुलं मांडली. "दुकानदाराला विचारू नका, भावाला विचारू नका. हाताला विचारा." हाताने चौथं सांगितलं. मध्यम, काळं, दिसायला अगदी कुरूप. पण बसच्या गिअरसारखं मुठीत बसलं. घेतलं!

६ एप्रिल

परवान्याची परीक्षा. वीस गोळ्या, अकरा लागल्या की पास.

वीस! वीसच्या वीस! हार्लनच्या वेळी त्याच्या सतरा लागल्या होत्या. लगेच फोन केला.

"वारा बरा असेल."

"छपराखाली होतो रे आम्ही!"

१३ एप्रिल

हार्लन आता गावभर सांगत सुटलाय. चर्चमध्ये, पेट्रोल पंपावर. लपवून बाळगायचं म्हणे! डोंबल.

२० एप्रिल

विल्डाबाई आज म्हणाल्या, "पिस्तूल शेवटी. आधी पाय रोवा, हात मोकळे ठेवा, आणि आवाज बेंबीच्या देठापासून." आवाजाचं मला नका शिकवू! आरशात न बघता छप्पन्न पोरं गप्प करायची मी.

२१ मे

परवाना आला. पिस्तूल कमरेला, वर सैल शर्ट. रोंडाने माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. "दिसत नाही गं आई, अजिबात." पहिले दिवस टोचायचं. आता कमरेला काही आहे हेच विसरते.

४ जून

आला!

मी ट्रकचा कर भरून कोर्टाच्या इमारतीतून परतत होते. बघते तर ट्रॅव्हिस आमच्या घराच्या पायरीवर, आणि जाळीच्या दाराआड रोंडा, पांढरीफटक. हातात फोन, शेरीफला लावलेला. ट्रकमधून उतरले. पाय रोवले.

"ट्रॅव्हिस! खाली उतर!"

दचकला. माझ्या शर्टाकडे बघत राहिला.

"सासूबाई, लोक म्हणतात तुम्ही... वीसच्या वीस..."

"खरं म्हणतात. उतर!"

उतरला! हात वर करून उतरला, गाडीत बसला, गेला. रोंडाच्या जवळ फिरकायचं नाही हा कोर्टाचा मनाईहुकूम मोडला म्हणून शेरीफच्या माणसांनी त्याला वाटेतच उचलला. रोंडा अंगणात आली, मला घट्ट धरलं आणि मोठमोठ्याने हसायला लागली. मीही! भट्टीत भाजलेला अख्खा अ‍ॅपल-पाय संपवला दोघींनी.

४ जून, पुन्हा

कपडे बदलताना कमरेला हात गेला. पिस्तुलाचं होल्स्टर रिकामं!

कोर्टाच्या इमारतीत शस्त्र नेता येत नाही. सकाळी ट्रकमधल्या पेटीत कुलूप लावून ठेवलं, ते अजून तिथेच आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय!

रोंडाला उद्या सांगेन. हार्लनला मुळीच नाही.