लाल फितीची साखर

सफ्रू, मोरोक्को, ३ मार्च १९८६

ती. झुहूरताईस, इद्रिसचा सलाम वि. वि.

ताई, माझी अब्रू गेली! तू लिहिलंस म्हणून बतूलबाईंची आत्या वारली त्याबद्दल भेटायला गेलो. बतूलबाई म्हणजे इथल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. पन्नाशीच्या, बिनलग्नाच्या, स्वतः मोटार चालवतात. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून साखरेचे चार शंकू घेतले. साखर काय, मयतालाही चालते आणि मागणीलाही. फरक फक्त फितीचा: लाल फीत म्हणजे लग्नाची मागणी. चष्मा घरी राहिलेला, आणि त्या मेल्या दुकानदाराने निळ्या कागदावर लाल फिती बांधल्या! मी दहा वर्षांचा विधुर, अंगात धुतलेला पायघोळ जलाबा. दारातल्या बायकांनी सुतकाच्या घरात लग्नघरासारखी जी आनंदाची किलकारी ठोकली, ती अख्ख्या गल्लीने ऐकली. मी तोंड पाडून देव तुम्हाला धीर देवो म्हणालो, तर आणखीच हसल्या.

तूच ये आणि ती साखर परत आण. लोभ कमी करू नकोस.

तुझा इद्रिस

कासाब्लांका, ९ मार्च

चि. इद्रिस यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना हसून हसून माझी कवळी चहात पडली. मी मुळीच येणार नाही. नेलेली साखर का कुणी परत मागतं, वेड्या? नको असेल तर त्या आपणहून परत पाठवतील, आणि विषय मिटेल. तोवर घरात गप्प बैस, नवे घोटाळे करू नकोस. आणि चष्मा लाव.

आशीर्वाद आहेतच, अक्कलही येवो.

झुहूर

सफ्रू, १८ मार्च

ती. ताईस सलाम.

साखर आली नाही. दार वाजलं की आधी खिडकीतून डोकावतो. काल गल्लीच्या सामायिक भट्टीवर भाकरी भाजून घ्यायला गेलो, तिथे बतूलबाई भेटल्या. माझी भाकरी करपली म्हणून त्यांनी आपली अर्धी दिली. दहा वर्षं एकटा जेवतोय, पण कालच्यासारखा जेवलो नाही. ताई, आता साखर परत आली तर मी काय करू?

उत्तर लवकर धाड.

इद्रिस

सफ्रू, २० मार्च

सौ. झुहूरबाईंना बतूलचा सलाम वि. वि.

तुमचे बंधू सांत्वनाला आले होते, हे मी दारातच ओळखलं. मागणी घालणारा माणूस इतका रडवेला नसतो. साखर दुसऱ्या दिवशी परत धाडणार होते, पण ते आत्याबद्दल खरंच हळहळले होते, म्हणून ठेवून घेतली.

आता होकार कळवायचा तर वडीलधाऱ्यांनी. आमच्याकडे आत्याच शेवटची होती. शाळेत मुलींना स्वतःचं उत्तर स्वतः लिहायला शिकवते, मग मीच लिहिते: आज सकाळी पितळी हातोडीने पहिला शंकू फोडला, आणि फोडलेली साखर परत जात नाही.

त्यांना चहाला पाठवा. चष्मा घालून यायला सांगा. त्या दिवशीची लाल फीत दुकानदाराकडे मीच सांगून ठेवली होती, असा त्यांचा गैरसमज व्हायला नको. यावेळी मात्र ते चहाला येताना जी साखर घेतील, तिला लाल फीतच बांधायला मी खरंच सांगून ठेवलं आहे.

ममता असू द्यावी.

तुमची बतूल