बाराशे दहा

६ जानेवारी १९७०, मंगळवार. भोर.
हिरड्याच्या कारखान्यात टेलिफोन बोर्डावर लागून आज पाच दिवस. महाडचं गॅरेज, पुण्याची लाँड्री, सर्कशीचा तंबू, सगळ्यांत हे सोपं. रामभाऊमामांनी चिकटवलं. आईचे चुलतभाऊ. नऊ वर्षं हे काम त्यांच्याकडं होतं, आता स्टोअरला गेलेत.
काम असं: बोर्डामागच्या खोलीत बॅटरी. म्हणजे काचेच्या बारा बरण्या, आत तेजाब. सकाळी काचेच्या पिचकारीत तेजाब ओढायचं, आतली कांडी तरंगते, तिच्यावरचा आकडा बरणीवार रजिस्टरात.
मामा म्हणाले, "बाराशे दहा लिवायचं. भरलेली बॅटरी बाराशे दहा दावती."
"बगायचं न्हाई का?"
"बग की. बग आन् बाराशे दहा लिव."
संपलं शिक्षण. महिनाभर टिकलो तर आईला गावी, हिर्डोशीत, तोंड दाखवायला जागा.

९ जाने., शुक्र.
कांडी वरखाली होते ते बघत बसावंसं वाटतं. चहा राहिला. अकरा बरण्या बाराशेच्या आगेमागे. सात नंबर अकराशे सत्तर. पिचकारी धुतली, परत ओढलं. अकराशे सत्तर. तेच लिहिलं.
मामांचं जुनं रजिस्टर चाळलं. बाराशे दहा, बाराशे दहा, गणपतीत बाराशे दहा, दिवाळीत बाराशे दहा. बारा भाऊ आणि एकालाही कधी सर्दी नाही?

१४ जाने., बुध. संक्रांत.
बोर्डावर मालतीबाई बसतात. इथल्याच, भोरच्या. फोन आला की बोर्डावर त्या खात्याची छोटी झडप, म्हणजे शटर, खाली पडतं; कुणाचा फोन ते या शटर पडायच्या आधी ओळखतात. तिळगूळ दिला आणि म्हणाल्या, "गोड बोल, साहेबांनी तुझं रजिस्टर मागवलंय."
साहेब म्हणजे मॅनेजर. पान उघडून बसलेले. "नऊ वर्षं बॅटरी खणखणीत. तू आलास आणि सात नंबर पडली. काय घातलंस तिच्यात?"
मामांचं नाव जिभेवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "मी फक्त बघितलं."
"बघून पडते होय?"
महिनाअखेरपर्यंत मुदत. तोवर दुरुस्त कर, नाहीतर घरी. ठीक. करून दाखवतो. आज सात नं. अकराशे साठ.

१७ जाने., शनि.
ती बरणी उघडून साफ करायची तर बोर्ड तीन तास बंद ठेवावा लागेल. सीझन चालू, सुट्टी नाही. बोर्ड बंद म्हणजे भट्टीवरून ऑफिस नाही, मार्गासनीच्या गोदामातून कुठला ट्रक सुटला ते कळणार नाही, पुण्याचा व्यापारी लागणार नाही. पण आपण बंद केला नाही तर सात नंबर तिच्या मर्जीनं बंद करेल.
मालतीबाईंना विचारलं, कुठली वेळ मोकळी? "जेवणाची," लगेच म्हणाल्या. मी म्हटलं, मोजून बघू. बिस्किटांचे आठ रिकामे डबे मांडले, तासाला एक. फोन आला की त्या तासाच्या डब्यात एक सुका हिरडा. बाई हसल्या. पण टाकतायत.

२१ जाने., बुध.
रविवारी मार्गासनीच्या लाइनीवर खरखर, म्हणून गेलो. तारेला फांदी घासत होती. कोयत्यानं तोडली, दहा मिनिटांचं काम. तेवढ्यात एक ट्रकवाला म्हणाला, वेल्ह्याकडं कुस्त्या आहेत. गेलो. एक पैलवान पडता पडता असा उलटला की... असो. काल रात्री परत.
सोमवार-मंगळवारचे रकाने मोकळे. मामा स्टोअरमधून येऊन गेले होते म्हणे. आज परत आले. "भरून टाक की, गाढवा. मोकळा रकाना दिसला की साहेब चिडतो."
"बगितलं न्हाई तर काय लिवू?"
"अरं, काल हुतं तेच आज असतंय."
"सात नंबरचं न्हाई ना, मामा."
मामा रजिस्टर मिटून गेले. रकाने मोकळेच ठेवले. साहेब चिडलेच. बाईही. म्हणाल्या, "तुझ्या कुस्त्या पाहून बॅटरी भरणार असेल तर मलाही ने."

२५ जाने., रवि.
डबे ओतले. जेवणाचा डबा काठोकाठ! सगळी खाती कँटीनला फोन करतात, भाजी कुठली म्हणून. तीन ते पाचचे दोन डबे जवळजवळ रिकामे, त्यापुढचा अर्धाच. बाई डब्याकडं बघत राहिल्या, मग तोंडाला पदर. त्या वेळात साहेब घरी जेवून झोपतात. निम्मे फोन त्यांचेच असतात.
"आता हे त्यांना कसं सांगणार?"
"डबेच नेतो."
नेले. साहेबांनी हिरडे बघितले. "तीनला का बरं कमी?" मी म्हटलं, "ऊन असतं, साहेब." परवानगी मिळाली. बुधवारी तीन ते सहा.

२८ जाने., बुध.
झालं! दोन तास चाळीस मिनिटं. मालतीबाईंनी सकाळीच सगळ्या खात्यांना सांगून ठेवलं होतं. एकच माणूस धावत आला, कँटीनचा, त्याला करमत नव्हतं.
सगळ्या जोडण्या घासल्या, व्हॅसलीन लावलं, बरण्यांत शुद्ध पाणी. सात नं. सोडवून उजेडात नेली. तळाला बोटभर गाळ, पार आतल्या शिशाच्या पट्ट्यांना टेकलेला, म्हणूनच ती उतरत होती. तिला वगळून अकरांवर बोर्ड चालू केला. बाईंनी मार्गासनीला लावलं, पलीकडचा म्हणाला, "बाई, कानात बसून बोलताय का?"
छाती फुगली. मग बाई हळूच म्हणाल्या, "हा गाळ तीन आठवड्यांचा नाही. वर्षांचा आहे. साहेबांना दाखव, सुटलास तू."
मी सुटलो. आणि मामा?

३० जाने., शुक्र.
साहेबांनी बरणी बघितली. शाबास म्हणाले नाहीत, पण बस म्हणाले. मग विचारलं, नवी एक मागवू की बाराही? बाकीच्या कधीपासून खाली येतायत? मी बरणीवर झाकण ठेवलं. "सोमवारी जुनी रजिस्टरं आण. खोटा कोण ते बघू, तू की रामभाऊ."
दुपारी स्टोअरला गेलो. पिचकारी हातातच होती. भांडायलाच गेलो होतो. म्हटलं, "मामा, हे वाचून दावा. किती हाय?"
मामांनी पिचकारी धरली. लांब नेली, जवळ आणली, खिडकीकडं केली. "बाराशे दहा."
पिचकारी रिकामी होती. मी काही ओढलंच नव्हतं.
माझ्या तोंडाकडं बघून त्यांना कळलं. म्हणाले, "तुला किती दिसतंय?"
"काय न्हाई. रिकामी हाय."
त्यांनी खिळ्यांच्या खोक्यात हात घातला. खिळे चाचपून निवडत होते, लांब एकीकडं, आखूड एकीकडं. "आदी धुरकट दिसायचं," म्हणाले. "मग आकडं पाठ हुतंच."
चष्मा? "चष्मा लावला की साहेब इचारणार, कदीपास्नं."
भांडण राहिलं. त्यांनी मला इथं चिकटवलं, माझ्यासाठी साहेबांपुढं टोपी काढली होती. मी गप्प बसलो तर मी खोटा आणि बाकीच्या अकरा कधी बसतील ते कुणालाच ठाऊक नाही. बोललो तर या वयात मामा घरी.
निघताना म्हटलं, "मामा, मी तुमचं नाव घेनार न्हाई. पन बाराशे दहा हुतं, असं बी म्हननार न्हाई."

२ फेब्रु., सोम.
मामा माझ्या आधी बॅटरीच्या खोलीत. जुनं शेवटचं रजिस्टर मांडीवर. "शेवटची वळ कुठं हाय?" मी त्यांचं बोट धरून ओळीवर ठेवलं. दौतीत टाक दोनदा बुडवला. लिहिलं: वरचे आकडे मी बघून लिहिले नाहीत. दिसत नव्हते. खाली पूर्ण सही, बापाच्या नावासकट.
"जा, साहेबाच्या टेबलावर ठिवून ये."
"तुमी ठिवा."
"लई शाना झालास."
बोर्डावरून मालतीबाईंनी हाक दिली, "साहेब आलेत. रजिस्टर घेऊन कोण येतंय, विचारतात."
मामा उठले. मीही उठलो. "मागं मागं नगं येऊ. डोळं गेलंत, पाय न्हाईत." रजिस्टर काखेत मारून गेले. दाराशी टोपी सारखी केली.
त्याला आता अर्धा तास. बोर्डावर साहेबांचं शटर एकदाही पडलं नाही. बाई मागं वळून बघतात, मी मान हलवतो. आजचे आकडे घेतले, अकराही बरण्यांचे, लिहिले. नऊ नंबर थोडी उतरलीय, तिच्यावर लक्ष ठेवायला हवं. मी असलो तर मी. पुण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्याला पहिली एसटी कितीला आहे, ते बाईंनी न विचारताच एका चिठ्ठीवर लिहून दिलंय.
साहेबांचं दार अजून बंद.