करडईच्या पाकळ्या आणि चिमूटभर विभूती

मी, वीरप्पा शांतलिंग बिराजदार, वय ७४, राहणार मुरुम, ता. उमरगा, जि. धाराशिव, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. गुडघे गेलेत, डोकं जाग्यावर आहे.

१. राहतं घर मुलगा मल्लेश यास. "फुलं वेचून कुणाचं भलं झालंय?" असं तो भर बाजारात मला म्हणाला होता. विसरलो न्हाय. तरी घर त्याचंच.

२. ओढ्याकडचं दोन एकर मुलगी शिवरंजनी हिला. तिथली करडई मल्लेशनं मोडू नये. त्याच पाकळ्यांचा रंग जस्ताच्या अतिसूक्ष्म कणांवर चढवून ती पुण्याच्या प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींवर टाकून बघायची. पेशी मेल्या तेव्हा तिनं फोन केला. "पण आप्पा, हे काचेच्या बशीतलं हाय. माणसाला द्यायला लई वर्षं लागतील," असंही बजावलं. मी पहिलं तेवढंच ऐकलं.

३. आता चार वर्षं गिळून बसलोय ते. तो फोन आला तेव्हा माझी पत्नी नीलम्मा हिच्या छातीत कॅन्सरची गाठ होती. सोलापूरला केमोचे दोन डोस झाले. तिसऱ्याला मीच नेलं नाही. रंगाला खनिजाची बारीक पूड लागते, एवढं डोक्यात बसलेलं. आमच्या घरात विभूतीहून बारीक काय असणार? ती वस्त्रगाळ करून पाकळ्यांच्या काढ्यात घातली आणि सहा महिने रोज पेलाभर पाजली. नीलम्मा म्हणायची, "साकु री, पुरे आता. गाठ वाढाय लागलीया." मी म्हणायचो, "पोरीचं औषध हाय, पी." ती प्यायची.

ती गेल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, तिनंच दवाखाना नको म्हटलं. शिवरंजनीला वाटलं, आपल्या फोनपायी आईनं इलाज सोडला. तिनं संशोधन टाकलं. आता उमरग्यात शिकवण्या घेते. मी बघत राहिलो, तोंड उघडलं न्हाय. धिक्कार असो माझा.

पोरी, तुझ्या आईनं इलाज सोडला नव्हता. मी सोडवला. तुझं काम खरं होतं, ते पुन्हा हाती घे. पाकळ्या दरसाल मिळतील.

४. आमच्या लिंगायत रीतीप्रमाणं मला बसवून नीलम्माशेजारी पुरावं. कपाळाला विभूती कुणी लावू नये. शिवरंजनीला वाटलंच, तर तिनं आपल्या हातानं लावावी. नाही वाटलं, तर कपाळ कोरंच राहू द्यावं.

साक्षीदार:
धुरपताबाई, शेजारीण (हिनं मला काढा उकळताना दोनदा अडवलं होतं) — अंगठा
रणधीर, निवृत्त मास्तर — सही

मुरुम, दि. ९ फेब्रुवारी २०२५. करडई फुलावर आहे.

वीरप्पा शांतलिंग बिराजदार