कुरण रँडलला, कापणी जुलैत

मी, व्हर्ना होबर्ट स्टेगॉल, वय एक्क्याऐंशी, शिक्षण मॅट्रिक, व्यवसाय घरकाम, राहणार सीडर फोर्क, मिसूरी, देवाच्या दयेने डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही भरीस घातलेलं नसताना माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवते. जे आहे ते त्यानेच दिलेलं आहे; मी फक्त वाया जाऊ दिलं नाही.

१) राहतं घर, शिवणयंत्र आणि तळघरातल्या बरण्या मुलगी नेडरा हिला. रिकाम्या बरण्या फेकू नयेत.

२) माझे दिवंगत पती होबर्ट यांची बंदूक चर्चमधले एल्मर प्रुइट यांना. चर्चमधल्याच क्लीटस बॅग्बीने ती दोनदा मागितली आहे. त्याला देऊ नये. त्याने झाडावर झोपलेला रानटर्की पक्ष्याचा नर मारला, जे कुठल्याच शिकाऱ्याला शोभत नाही, आणि वर चर्चच्या पायरीवर उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मी त्याला क्षमा केलेली आहे. बंदूक ही वेगळी गोष्ट आहे.

३) होबर्टने स्वतः कोरलेली लाकडी पेटी, जिचं झाकण घासलं की टर्कीच्या मादीची साद निघते आणि नर धावत येतो, ती मुलगा रँडल याला. गेल्या तीन वसंतांत ती घासूनही आमच्या टेकडीवरून उत्तर आलेलं नाही, हे त्यानेच मला सांगितलं.

४) ओढ्याकाठचं कुरण. हेही रँडललाच, पण अट आहे, आणि अटीचं कारण लिहिणं भाग आहे.

दर शनिवारी चर्चमध्ये पुरुषमंडळींची न्याहारी असते. बिस्किटं, म्हणजे मऊ गरम पाव, आणि त्यावर ओतायची दाट ग्रेव्ही मी करते, त्यामुळे बोलणं कानावर येतं. सगळे शिकारी. टर्की संपत चालली याचं दुःख सगळ्यांना, आणि दोष अंडी चोरणाऱ्या रॅकूनला, कोल्ह्याला, घुबडाला, सरकारला. सर्वांत मोठा आवाज रँडलचा. एकदा मी ग्रेव्ही वाढता वाढता म्हटलं, "आणि गवत कापायच्या यंत्राला कोणी काही म्हणत नाही?" क्लीटस म्हणाला, "वहिनी, यंत्र काय अंडी खातं?" सगळे हसले. रँडल हसला नाही.

कारण होबर्टच्या काळी गवत जुलैत कापून पडायचं. आता बी नवं, यंत्र मोठं, आणि गवत मेमध्येच पडतं. त्याच दिवसांत मादी गवतात अंड्यांवर बसलेली असते. पिल्लं निघायला आली की ती काही केल्या उठत नाही. मागच्या वर्षी रँडलच्या यंत्राखाली अशी एक गेली. वाचलेली अंडी तो टोपीत घेऊन माझ्या दारात आला. पन्नाशीचा बाप्या, डोळे लाल. मी ती कोंबडीखाली ठेवली. पिल्लं निघाली, पण जगली नाहीत.

म्हणून अट: चार जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या सणाआधी या कुरणात यंत्र घालू नये. घातलं तर कुरण नेडराचं होईल.

हे मी रँडलला बसवून वाचून दाखवलं.

"आई, जुलैचं गवत म्हणजे नुसत्या काड्या. गुरं तोंड लावत नाहीत त्याला."

"तुझ्या बापाची लावायची."

"ती उपाशी असायची. मेल्यावरसुद्धा माझ्या ट्रॅक्टरवर बसणार का तू?"

"बसेन. ब्रेकवर पाय ठेवून."

मग बरीच घासाघीस केली त्याने. पंधरा जून म्हणाला. मी एवढंच मानलं: रानाला लागून नसलेला, मधला तुकडा त्याने मेमध्ये कापावा. मादी रानाच्या कडेला बसते, मध्ये क्वचितच. त्यावर त्याने मान डोलावली. तोंडाने हो म्हणाला नाही.

जाताना दारातून म्हणाला, "निदान नेडराचं नाव तरी खोड. लोक काय म्हणतील?" मी खोडलेलं नाही. तारीख पाळली तर ते नाव वाचायची कोणाला गरजच पडणार नाही.

आज सही करताना मधला तुकडा कापलेला आहे. कडेचं गवत उभं आहे.

सही: व्हर्ना होबर्ट स्टेगॉल

साक्षीदार:
१. एस्टेल मॅबरी, पाद्रीबाई
२. लूथर हॅन्शॉ, शेजारी

ठिकाण: सीडर फोर्क
दिनांक: २४ मे २०२३