मधला माणूस

३ तारीख

आलो बुवा! ट्रकवाल्यानं रस्त्याच्या कामापाशी उतरवलं आणि तासाभरात नोकरी चिकटली. ताईला कळलं तर म्हणेल, इथे किती दिवस टिकणार? तिचं चूक नाही. बोटीवर अडीच महिने टिकलो, पोल्ट्रीत तीन आठवडे. कोंबड्या फार बोलतात, पण ते असू दे.

काम सोपं आहे. डोंगराच्या कडेनं जाणारा हमरस्ता अर्धा खणलाय, म्हणून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडायच्या. या टोकाला मी, दीड किलोमीटरवर पलीकडच्या टोकाला एक म्हातारा गडी, त्याला सगळे काका म्हणतात. मधे वळणंच वळणं, एकमेकांना दिसत नाही, फोनला रेंज नाही. म्हणून लाल काठी. काठी हातात असेल त्यानं गाड्या सोडायच्या आणि शेवटच्या गाडीवाल्याकडे काठी द्यायची. तो ती पलीकडे देतो, मग तिकडच्या गाड्या सुटतात. मुकादमानं एकच गोष्ट बजावली, मधे जायचं नाही. माझ्या आधीचा गेला होता, मग काम सोडून निघून गेला म्हणे. त्याचं जॅकेट मला अगदी मापाचं बसतं.

५ तारीख

तक्रारवहीही माझ्याच गळ्यात, कारण मला लिहिता येतं. धूळ, खडी, पंक्चर. आज एका आजीबाईंची तक्रार लिहिली: खड्ड्यात गाडी आदळून दातांची कवळी खिडकीबाहेर उडाली, शोधून द्यावी. शोधली. सापडली! आजींनी तिथल्या तिथे पुसून घातली.

उभं राहून कंटाळा येतो. काठीला चिठ्ठी बांधून काकांना विचारलं, तिकडे चहा मिळतो का? काठी परत आली तेव्हा खाली सुंदर अक्षरात उत्तर होतं. मिळतो. घरी कोण कोण असतं?

९ तारीख

काकांशी छान जमलंय. सगळं लिहून टाकलं. आईमागे ताईनंच वाढवलं, एका जागी ठरत नाही म्हणून ती मला भोवरा म्हणते, दुसरं कुणी म्हणत नाही. काल मुकादमाच्या जीपमधून गावात जाऊन तिला फोन केला, सोळा तारखेला ती, भावोजी आणि भाची निळ्या गाडीतून काकांच्या बाजूनं येणार आहेत, मला कायमचं घरी न्यायला. या वेळी जाणार. शब्द दिलाय. भाचीनं माझ्यासाठी खोली झाडून ठेवलीये.

काकांनी विचारलं, ताईनं तुला शेवटचं कधी पाहिलं? लिहिलं, चार वर्षं झाली.

आज टेम्पोवाला खवळलेला. दोन माणसं पुरत नाहीत का, म्हणे, तो मधला कशाला ठेवलाय, उगाच थांबवतो. मधे कुणी नाही म्हटलं, तर म्हणाला, मला आंधळा समजतोस काय? लिहून घेतलं.

१२ तारीख

मधल्या माणसाच्या आज चार तक्रारी. उसाचा ट्रक, डॉक्टरीणबाई, दोन मोटारसायकली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माणूस सभ्य आहे. काठी मागून घेतो, काहीतरी लिहितो, परत देतो.

१३ तारीख

मुकादमानं जीपमधून काकांना हजेरीसाठी आणलं. पहिल्यांदाच भेटलो. काकांनी वहीत अंगठा उठवला. मी हसून म्हटलं, एवढं मोत्यासारखं अक्षर असून अंगठा कशाला? काकांनी शाईचा अंगठा धोतराला पुसला. म्हाताऱ्याची थट्टा करतोस होय रे, म्हणाले. मी अंगठाबहाद्दर. माझ्याकडे काठी येते ती नुसतीच येते. चिठ्ठी कसली?

१४ तारीख

मुकादमाला सांगितलं. हसला नाही. काय काय लिहिलंस एवढंच विचारलं. सांगितलं. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, आधीचाही चिठ्ठ्या लिहायचा. आजच्या आज नीघ इथून.

कसा निघू? ताई घरून निघालीये, फोन लागत नाही. रस्ता हाच एक. प्रत्येक गाडीवाल्याला सांगतोय, पलीकडच्या काकांना सांगा, निळी गाडी अडवून धरा.

१५ तारीख

काठी आली. मी चिठ्ठी बांधली नव्हती. तरी होती.

निळ्या गाडीचं मी बघतो.

१६ तारीख, दुपार

आली. निळी. मागच्या सीटवर माझ्यासारखं जॅकेट घातलेला— भाची त्याच्या मांडीवर. ओरडलो. तोंडावरचा धुळीचा फडका काढला, ताई, मी आहे, मी— तिनं न बघताच काठी हातात ठेवली. हसत मागे वळून म्हणाली, भोवऱ्या, मधेच कशाला उभा होतास रे उन्हात?

भाची तेवढी माझ्याकडे बघत राहिली. वळणापर्यंत.

१६, संध्याकाळ

मुकादमानं माझ्या नावावर रेघ मारली. पुढे लिहिलं, बहीण घेऊन गेली. मी त्याच्या समोर उभा. समोरच! जॅकेट खुंटीवर. अंगावर होतं ना माझ्या—

तारीख कळत नाही

टोकाला कुणी बघत नाही. गाड्या अंगावर येतात. फक्त इथे, मधे, हात केला की थांबतात. पाणी देतात. बोलतात.

टोकाला नवा माणूस आलाय. जॅकेट मापाचं बसलंय म्हणे.

नाही लिहिणार मी. नाही.

पण ताई—

नंतर

काठी आली. चिठ्ठी आहे. गिचमिड अक्षर. काका, तिकडे चहा मिळतो का?

नुसतं उत्तर दिलंय. एवढंच. मिळतो. घरी कोण कोण अस—