ज्या दुपारी कपाट विझवलं

माय, काल घरातला फ्रिज बंद पडला. दुरुस्तीवाला पोरगा मोटर तपासत होता आणि मला दवाखान्यातलं घासलेटवर चालणारं ते कपाट आठवलं. त्याला मोटर नव्हती, कळमनुरीच्या रस्त्याला तेव्हा वीजच नव्हती. बुडाशी दिवा जळायचा आणि वर सापाच्या विषावरची औषधं गार राहायची. वात कापणं, घासलेट भरणं, काजळी पुसणं हे तुझं काम. त्याच पगारावर माझं परभणीचं शिक्षण चालू होतं. आता मीही थकलोय, दुपारी पडलो की उठवत नाही.

"जाळानं गार कसं व्हतं रे, लेकरा?" तू विचारायचीस. आता सांगतो. कपाटामागच्या नळ्यांत अमोनिया पाण्यात विरघळलेला असतो. दिव्याच्या उष्णतेनं त्याची वाफ सुटते, वर जाते, निवून पातळ होते. मग कपाटात उतरून पुन्हा उडते आणि उडताना आतली ऊब शोषून घेते. शेवटी पाणी तिला परत पिऊन घेतं. ढकलणारं कोणी नाही, पातळ झालेलं सगळं आपल्या उतारानं वाहतं. म्हणून कपाट सरळ उभं पाहिजे.

हे तेव्हा तुला-मला ठाऊक नव्हतं. मी दिवाळीच्या सुटीत आलो होतो. उंदराचं बीळ तू ओल्या मातीनं बुजवलंस, खोली सारवलीस आणि त्या ओलीत कपाटाचा एक पाय खचला. आतला गारवा गेला. तू वात वाढवलीस, आणखी वाढवलीस. औषधं ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणापाशी ठेवलीस. हैदराबादचे डॉक्टरसाहेब चिडून म्हणाले, "हे सुधारलं नाही तर मला दुसरी बाई पाहावी लागेल." तू वातीपाशी बसून राहिलीस, डोळे लाल होईपर्यंत. मग कपाटातल्या ताटलीत ठिबकलेलं पाणी एका कोपऱ्यात जमलेलं तुला दिसलं.

"साहेब, ह्ये एका अंगाला कललंय."

साहेबांनी वाकून पाहिलं, पायाखाली फरशीचा तुकडा सरकवला, दिवा विझवला. "नळ्यांतलं पाणी जागच्या जागी उतरू द्या. संध्याकाळी लावू."

"कपाटाला सुटी भेटली. आमाला कवा भेटल?"

साहेब हसले. "तुम भी सो जाव, अम्मा. बत्तीच नहीं तो काम क्या?"

तू कपाटाशेजारी पोतं टाकून झोपलीस. दिवसाउजेडी झोपलेली तू मला त्याआधी दिसली नव्हतीस, नंतरही नाही. तुझं तोंड जरा उघडं आहे, बोटांवर काजळी आहे, मी माशा वारतो आहे.

कपाट पुन्हा गार झालं, तुझी नोकरी राहिली. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र टाकायचं कुठं? एकच सांगायचं राहिलं. संध्याकाळी साहेब काडेपेटी घेऊन आले, तेव्हा मी म्हणालो, "पाणी अजून उतरलं नसेल, साहेब. सकाळी लावू." मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. तू झोपली होतीस.